न वाळलेली भिंत

अमेरिकेत, रेडमंडला मी बायकोच्या व्हिसावर आलो. तिला सॉफ्टवेअरमधली नोकरी होती आणि मला तिच्या पासपोर्टला चिकटून यायची परवानगी. माझ्या व्हिसावर नोकरी करायची नाही, धंदाही करायचा नाही. मिरजेकडे आमच्या घरात तीन पिढ्या चुनाकाम आणि रंगकाम झालं, आणि मी मात्र पाच वर्षं भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये सोफ्यावर बसून दुसऱ्याने वाईट रंगवलेल्या भिंती बघत होतो. ग्रीन कार्ड आलं त्याच आठवड्यात मी ब्रश आणि रोलर विकत घेतले.

सुरुवात आपल्याच लोकांच्या टाउनहाउसांपासून झाली. मंडळाच्या गणपतीत एक गृहस्थ हातात मोदकाची प्लेट धरून म्हणाले, "बायको कोड लिहिते, नवरा भिंती रंगवतो. मस्त जोडी आहे यार." पुढे त्यांच्याच घराचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी सूट मागितली, मी दिली नाही. पलंग सरकवायचे वेगळे पडतील, असंही सांगितलं. मी असाच आहे. कोणी मला एक बोललं तर ते मी विसरत नाही, आणि सौदा करताना समोरचा थकेपर्यंत बसायची माझी तयारी असते.

घरांवरून मी गोदामांच्या फरशांवर गेलो, तिथून कारखान्यांच्या टाक्यांवर. चार माणसांची कंपनी झाली. मग डोंगरापलीकडचं काम आलं.

आमच्याकडे, डोंगराच्या अलीकडे, हिवाळाभर पाऊस पडतो. डोंगर ओलांडून तीन तास गाडी चालवली की सगळं कोरडं होतं. करडी झुडपं, उघडं आभाळ आणि सतत वारा. तिथे नदीकाठी दुसऱ्या महायुद्धात घाईघाईने एक प्रचंड कारखाना उभारला होता. बॉम्बसाठी लागणारं प्लुटोनियम तिथे बनायचं. नंतर शत्रू बदलला, पण कारखाना चालूच राहिला. शेवटी तो बंद पडला तेव्हा मागे उरल्या विषारी खोल्या, गळक्या टाक्या आणि आत कोणी जाऊ नये अशा इमारती. आता हजारो माणसं वर्षानुवर्षं ती घाण आवरतायत. बॉम्ब करायला काही वर्षं लागली, साफसफाई माझ्या नातवंडांपर्यंत चालेल. रंगाऱ्याला यात नवल वाटत नाही. भिंत रंगवायला एक दिवस लागतो, खरवडायला चार.

माझं काम असं होतं. एखादी इमारत पाडायच्या आधी तिच्या भिंतींवर एक चिकट लेप फवारायचा. भिंतीला बसलेली धूळ त्या लेपात अडकते आणि पाडताना वाऱ्यावर उडत नाही. तिथे वाऱ्याने घरंगळणारी वाळकी झुडपंसुद्धा पकडून तपासतात, कारण त्यांची मुळं खोल जाऊन नको ते वर आणतात. धुळीचं तर विचारूच नका.

पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं, की लेपाचे दोन्ही थर एकाच दुधी रंगाचे असल्याने दुसरा थर कुठे सुटला ते दिसत नाही. माझे आजोबा चुन्यात नीळ घालायचे. मी तिथल्या कामाच्या मॅनेजरला म्हटलं, पहिला थर निळा करू, दुसरा गुलाबी. जिथे निळं दिसेल तिथे दुसरा हात सुटलाय. मॅनेजर हसला. म्हणाला, "इथे कोणाचा वाढदिवस आहे का?" दोन महिन्यांनी त्याने हीच युक्ती स्वतःची म्हणून वरच्या लोकांपुढे मांडली. तिच्यासाठी त्याला पितळी फलक मिळाला. तो त्याच्या ऑफिसात टेबलामागे लावलाय, त्यावर त्याचं नाव आहे. हे लिहितानाही माझे कान तापतात. माझ्यावर उपकार करणारी माणसं या हकिकतीत पुष्कळ आहेत, पण तो त्यांच्यात नाही, एवढं आधीच सांगून टाकतो.

आत अंगभर सूट आणि तोंडावर हूड चढवून काम करणाऱ्या प्रत्येक गटाबरोबर रेडिएशन मोजणारा एक टेक्निशियन असतो. आमच्याबरोबर एक बाई होती. पन्नाशीची, ठेंगणी, शेजारच्याच गावात वाढलेली. तिचे वडीलही त्याच कारखान्यात होते. ती फार कमी बोलायची, आणि बोलली तर तिच्या मीटरवरचा आकडा सांगायची.

त्या जागेचा एक नियम आहे. कामावरचं कोणीही, अगदी झाडू मारणारासुद्धा, "काम थांबवा" म्हणू शकतो. तो शब्द उच्चारला की सगळ्यांनी हात थांबवायचे. का, असं आधी विचारायचं नाही. थांबायचं, मग विचारायचं. थांबवणाऱ्याला नंतर कोणी बोल लावायचा नाही. मला हा नियम अजिबात पटायचा नाही. आमच्याकडे परांचीवरच्या पोराने मिस्त्रीला थांबवलं तर मिस्त्री त्याला चहा आणायला पाठवतो. माझ्या पहिल्या वर्षात तिने मला सहा वेळा थांबवलं. सहाव्यांदा मी म्हटलं, "बाई, तुम्हाला माझा चेहरा आवडत नाही का?"

ती म्हणाली, "हूडमधून दिसत नाही."

ज्या इमारतीत पुढचं सगळं घडलं, तिचं काम मिळवताना मी दोन दिवस आधी संपवायचं वचन देऊन बसलो होतो. समोरच्या कंपनीला हरवायला मी ते बोललो. कुणी मागितलं नव्हतं. शेवटची खोली उरली तेव्हा ते दोन दिवस माझ्या मानगुटीवर बसले. मॅनेजर रोज सकाळी घड्याळ दाखवायचा.

त्या सकाळी लेपाचा डबा उघडताना पत्र्याच्या कडेने माझ्या उजव्या तर्जनीचं टोक कापलं. एवढंसं. रंगारी लोक अशा वेळी काय करतात ते करणाऱ्यालाच माहीत असतं. जखम दाबून धरायची आणि वर सुपरग्लूचा थेंब सोडायचा. मिनिटात बंद. पण इथला नियम असा, की आत जाण्याआधी अंगावरचा ओरखडासुद्धा सांगायचा. जखम असली तर भरेपर्यंत आत प्रवेश नाही. दारावर तिने विचारलं, "काही कापलं, खरचटलं?"

मी म्हटलं, "काही नाही."

आत आम्ही दोन थर मारले. निळ्यावर गुलाबी. दुपारनंतर वारा वाढला की काम बंद पडणार होतं आणि त्याआधी मला या खोलीला लागणारा जादा तिसरा हात मारून बाहेर पडायचं होतं. तिने भिंतीवर टॉर्च मारला आणि म्हणाली, "वाळलेलं नाही. काम थांबवा."

माझी माणसं थांबली. मी नाही. हूडमधून बोललं की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, म्हणून मी आणखी मोठ्याने बोललो. "तीस वर्षं भिंती रंगवतोय मी. वाळलंय की नाही ते तुमचं मीटर मला सांगणार?"

"मीटर नाही. मला चमक दिसतेय."

"चमक म्हणजे ओल नव्हे."

"वेळापत्रकाप्रमाणे अजून दोन तास."

"वेळापत्रक कागदावर असतं, भिंत इथे आहे."

आणि मग मी जे केलं ते माझ्या बापानेही केलं असतं, आजोबांनीही. रंग वाळला की नाही हे आमच्यात बोटाने बघतात. डोळा फसतो, बोट फसत नाही. मी फक्त वरचा जाड हातमोजा काढणार होतो. पण रागाने ओढला आणि घामाने चिकटलेला आतला पातळ मोजाही टेपसकट फाटून आला. मला ते कळेपर्यंत बोट भिंतीवर होतं.

वरून साय धरली होती. आत ओलं होतं. बोट सायीतून आत गेलं, थेट जुन्या भिंतीपर्यंत.

ती ओरडली नाही. "हात वर. कशालाही लावू नका. माझ्याकडे बघा, हाताकडे नाही," एवढंच म्हणाली. माझ्या हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून मनगटाशी टेप लावली. टेपचं शेवटचं टोक तिने सवयीने दुमडलं. काढताना चाचपडावं लागू नये म्हणून तिथे सगळे तसं करतात. इतक्या घाईतही तिने ते केलं, हे माझ्या डोक्यात राहिलं.

बाहेर पडायला नेहमी वीस मिनिटं लागतात. सूट घालताना चूक झाली तर चालते, काढताना नाही, असं तिथे म्हणतात. एक पाय उचलायचा, तो तपासायचा, स्वच्छ बाजूला ठेवायचा, मग दुसरा. त्या दिवशी त्यांनी माझा सूट कात्रीने कापून काढला. कांद्याची साल काढतात तशी, आतली बाजू बाहेर. मी लहान मुलासारखा उभा होतो. मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत होती, ते आठवून आज लाज वाटते. मला वाटत होतं, काम जाईल.

धुण्याच्या खोलीत तिने कोमट पाणी आणि साबणाने माझा हात धुतला. घासायचं नाही, नुसतं हलक्या हाताने. मग मीटर धरलं. ते टिकटिकलं. परत धुतलं. तळहात गप्प झाला, अंगठा गप्प झाला. तिसऱ्यांदा धुतल्यावर सगळा हात गप्प होता, फक्त तर्जनीचं टोक बोलत होतं.

तिने बोट दिव्याखाली धरलं. "इथे काही कापलंय?"

"नाही."

"ही जागा चकाकतेय."

"लेप असेल."

तिने मीटर खाली ठेवलं. कामाआधीच्या प्रशिक्षणात मी ऐकलं होतं: कातडीवर असेल तर धुऊन निघतं. जखमेतून आत गेलं तर रक्तात मिसळतं आणि हाडात जाऊन बसतं, मग जन्मभर तिथेच. मला हे माहीत होतं. तरी तोंडातून काय निघावं?

"हे बघा," मी म्हटलं. "तुम्ही लिहा, मोजा आपोआप फाटला. असं होतंच. जखमेचं काही लिहायचं कारण नाही. मी आजपासून तुम्ही म्हणाल तेव्हा थांबेन. एका शब्दावर. माझी माणसंसुद्धा."

"ते तसंही थांबतात."

"बरं, मग फाटलं लिहा आणि बाकीचं उद्या सांगतो. डॉक्टरकडे मी स्वतःहून जातो. उद्या सकाळी, पहिल्या तासाला."

"आणि?"

"आणि काय? अजून काय पाहिजे ते तुम्ही सांगा."

तिने स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली. माझं बोट अजून तिच्या हातात होतं.

"माझे वडील इथे छत्तीस वर्षं होते," ती म्हणाली. "एकदा त्यांच्या हाताला काही झालं. काय, ते आम्हाला कधी सांगितलं नाही. तेव्हा सगळं गुपित होतं. त्यांच्या फोरमनने लिहू नका म्हटलं, त्यांनी लिहिलं नाही. भला माणूस होता म्हणे तो, त्यांना त्रास नको म्हणून तसं केलं. म्हातारपणी ते आजारी पडले तेव्हा डॉक्टरांनी त्यांची फाइल मागवली. त्या वर्षाचं पान कोरं होतं. डॉक्टरांना कुठे बघायचं तेच कळलं नाही."

मी तिच्या हातातल्या माझ्या बोटाकडे पाहिलं.

"मी जे बघते ते लिहिते," ती म्हणाली. "तुम्ही मला न दाखवलेलं मी लिहू शकत नाही. पाच मिनिटांनी मी फोन करणार आहे. डॉक्टरला मी नुसता हात सांगू, की जखम सांगू?"

मी आयुष्यात पुष्कळ सौद्यांत गप्प बसून राहिलो आहे. समोरचा आधी बोलेल म्हणून वाट बघणं हा अर्धा सौदा असतो. पण ती वाट बघत नव्हती. ती घड्याळाकडेही बघत नव्हती. तिला माझ्याकडून काहीच नको होतं, आणि अशा माणसाशी घासाघीस कशी करायची ते मला येत नव्हतं.

"कापलंय," मी म्हटलं. "सकाळी. डब्याच्या पत्र्याने. वर सुपरग्लू लावलाय."

"किती वाजता?"

"सहाच्या सुमारास."

"किती खोल?"

मी अंगठ्याच्या नखाचा काठ दाखवला. तिने ते लिहिलं. मग फोन केला आणि म्हणाली, "जखम आहे. उजवी तर्जनी. गोंदाने बंद केलेली. आत्ता निघतोय."

दवाखान्यात पुढचं सगळं भराभर झालं, कारण त्यांना कुठे बघायचं ते माहीत होतं. बोट एका यंत्राखाली ठेवलं. डॉक्टर तरुण होता, बोलका. त्याने सुई टोचून बोट बधिर केलं आणि मसुरीच्या डाळीएवढा तुकडा काढला. परत मोजलं, परत थोडं काढलं. दंडातून एक औषध सोडलं, ते रक्तातले कण धरून लघवीवाटे बाहेर काढतं. "उद्यापर्यंत थांबला असतात," तो म्हणाला, "तर ही सगळी मजा कमी कामाची झाली असती." मी विचारलं, किती कमी? तो म्हणाला, "तुम्ही सगळ्याच गोष्टीत भाव करता का?"

टेक्निशियन बाई दाराशी उभी होती. तिला हसू आलं, ते मी पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी बायको मला न्यायला तीन तास गाडी चालवून आली. डोंगर उतरेपर्यंत तिने दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरलं होतं. मग म्हणाली, "सुपरग्लू?"

"सगळेच लावतात."

"सगळे म्हणजे कोण? तुझे आजोबा प्लुटोनियम रंगवायचे का?"

पुढचे महिने घरात मोठमोठ्या बाटल्या होत्या. तपासणीसाठी चोवीस तासांची लघवी साठवायची, लेबल लावायचं, कुरियरला द्यायची. मी चिडचिड करायचो. बायकोने फोनवर रिमाइंडर लावले, बाथरूमच्या कपाटाचा एक खण रिकामा केला. टीमच्या मीटिंगमधून उठून ती दार उघडायची आणि कुरियरवाल्याच्या हातात डबा ठेवायची. एकदा तिची मैत्रीण आली होती. तिने विचारलं, हे काय मागवता तुम्ही सारखं? बायको म्हणाली, "मागवत नाही गं, पाठवतो. नवऱ्याचा एक्स्पोर्टचा बिझनेस आहे." तेव्हा मी त्या दिवसांतलं पहिलं खरं हसलो. तिच्या व्हिसावर आलो म्हणून मी वर्षानुवर्षं मनात काही धरून बसलो होतो. त्या बाटल्या उचलताना तिने एकदाही नाक मुरडलं नाही, आणि मग ते धरून ठेवायला मला जमलं नाही.

काम गेलंच. चौकशीत मॅनेजर म्हणाला, "शेवटी हा घरं रंगवणारा माणूस." त्याच्यामागे भिंतीवर माझ्या निळ्या-गुलाबी थरांचा फलक चमकत होता. मी उठून काही बोलणार होतो. पण चूक माझी होती, आणि अहवालात ती जशीच्या तशी होती: दारावर खोटं सांगितलं, थांबवल्यावर थांबला नाही, मोजा काढला. त्याच अहवालात खाली एक ओळ होती: 'जखमेची माहिती स्वतःहून दिली.' स्वतःहून. त्या धुण्याच्या खोलीत काय चाललं होतं ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. पण नीट विचार केला तर शेवटी मीच सांगितलं होतं, तेव्हा तिने खरं तेच लिहिलं होतं.

बोटाचे निकाल हळूहळू आले. दर वेळी आकडा खाली. शेवटचं पत्र आलं तेव्हा डॉक्टरने फोनही केला. शरीरात राहिलंय ते इतकं थोडं, की त्याची काळजी करत बसलात तर काळजीनेच जास्त त्रास होईल, असं तो म्हणाला. बायको स्वयंपाकघरात उभी होती. मी फोन ठेवला आणि मान हलवली. ती भांड्यांच्या रॅकला टेकून खाली बसली. मग उठून बेसन काढलं.

दुसऱ्या दिवशी लाडवांचा डबा घेऊन मी डोंगर ओलांडला. आत जायची मला परवानगी नव्हती, म्हणून फाटकाबाहेरच्या पार्किंगमध्ये पाळी सुटायची वाट बघत थांबलो. ऊन होतं, वारा नेहमीसारखा. मॅनेजरची गाडी माझ्यासमोरून गेली. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने पाहिलं नाही. ती आली तेव्हा मला आधी ओळखू आली नाही. मी तिला फाटकाबाहेर, उन्हात, कधी पाहिलं नव्हतं.

"बोट?" तिने विचारलं.

मी दाखवलं आणि डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं. तिने बोट धरून उलटसुलट पाहिलं, दिव्याखाली धरलं होतं तसंच.

मी डबा पुढे केला. "माझ्या बायकोने केलेत. तूप, बेसन, साखर."

तिने हात मागे घेतला. "कंत्राटदाराकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे. डोनटसुद्धा नाही."

हे मला अपेक्षित नव्हतं. डोंगर ओलांडताना मी आभाराची वाक्यं जुळवली होती, इंग्रजीत, दोन-तीन प्रकारे. त्यातलं एकही आता आठवेना. मग मला जे येतं ते मी केलं.

"पण मी कंत्राटदार नाही," मी म्हटलं. "तुमच्याच मॅनेजरने मला हाकललंय. लेखी. पत्र गाडीत आहे, आणून दाखवू का?"

तिने विचार केला. खरोखर केला, फाटकाकडे बघत.

"परत कामासाठी अर्ज करणार आहात?"

"नाही."

"नक्की?"

"माझ्या बायकोला विचारा."

तिने डबा घेतला, झाकण उघडलं आणि तिथेच गाडीला टेकून एक लाडू खाल्ला. सावकाश. वाऱ्याने बेसनाचा चुरा उडत होता, तर तिने दुसरा तळहात खाली धरला. संपल्यावर तिने बोटं रुमालाला पुसली आणि विचारलं, "आता काय काम करता?"

"घरं रंगवतो," मी म्हटलं.

"माझं स्वयंपाकघर रंगवायचंय," ती म्हणाली. "पण मी भाव करत नाही. तुम्ही एकदाच सांगायचं."

मी एकदाच सांगितलं. मला वाटतं, तिच्याकडून काहीच घेऊ नये असं मला म्हणायचं होतं, पण ते तिने चालू दिलं नसतं. म्हणून माझा नेहमीचा भाव सांगितला, ना कमी ना जास्त. ती "ठीक" म्हणाली आणि शनिवारी सकाळी या म्हणाली.